आईची कूस बदलताना

पक्षाघाताने आईची डावी बाजू गेली आणि ती अंथरुणाला खिळली, तेव्हा तिची काळजी घेणे म्हणजे तिला उचलणे, अशीच माझी समजूत होती. ती उशीवरून खाली घसरली की मी तिच्या काखांत हात घालून तिला वर ओढत असे. काही दिवसांतच तिचा डावा खांदा दुखू लागला आणि झंपर बदलतानाही ती कळवळू लागली. तिला तपासायला आलेल्या फिजिओथेरपिस्टने समजावून सांगितले, की पक्षाघातानंतर खांद्याचा सांधा धरून ठेवणारे स्नायू सैल पडतात आणि अशा हाताला ओढ बसली तर सांधा जागेवरून सरकू शकतो. आईला ती इजा माझ्या हातून झाली, हे मी विसरलेलो नाही. हे लिहितो आहे तेही त्यासाठीच.

कूस बदलावी लागते ती कातडी वाचवण्यासाठी. माकडहाड, खुबा, टाचा, घोटे, खांद्याची पाती अशा ज्या ठिकाणी हाड कातडीच्या अगदी जवळ असते, तिथे सतत दाब राहिला की रक्तपुरवठा तुटतो आणि आतले मांस मरू लागते. त्यालाच शय्याव्रण किंवा बेडसोअर म्हणतात. दर दोन तासांनी कूस बदलावी, असे साधारणपणे सांगितले जाते. गादी आणि कातडीची अवस्था पाहून डॉक्टर हे अंतर कमीजास्त करतात. एअर मॅट्रेस आणली म्हणजे कूस बदलण्याची गरज संपली, असे मात्र मुळीच नाही.

माझी बहुतेक मेहनत आता आईला हात लावण्यापूर्वीच होते. पलंगाच्या चाकांचे ब्रेक लावायचे, पलंग वरखाली होणारा असेल तर तो आपल्या कमरेच्या उंचीला आणायचा, उशा हाताशी ठेवायच्या, आणि कॅथेटरची नळी मोकळी असून युरिन बॅग मूत्राशयाच्या पातळीपेक्षा खालीच आहे, हे पाहायचे. मग आईला सांगायचे, ‘‘आई, आता उजव्या कुशीवर वळायचंय.’’ तिला नीट बोलता येत नसले तरी सगळे कळते. न सांगता वळवले की ती घाबरून अंग ताठ करते आणि तेच वजन दुप्पट वाटू लागते.

तिच्या खांद्यांपासून मांड्यांपर्यंत एक आडवी चादर कायम घातलेली असते. उजव्या कुशीवर वळवायचे असेल तर मी आधी तिच्या डाव्या बाजूला उभा राहतो, चादरीची कड अंगाजवळ गुंडाळून घट्ट धरतो आणि तिला माझ्याकडे सरकवून घेतो, म्हणजे वळल्यावर ती पलंगाच्या मधोमध येते. मग त्या बाजूचा कठडा वर करून पलीकडे जातो. तिचा उजवा हात अंगाखाली सापडू नये म्हणून थोडा बाहेर घेतो, डावा हात छातीवर ठेवतो आणि डावा गुडघा वाकवतो. एक हात तिच्या डाव्या खांद्याच्या पात्यामागे, दुसरा कमरेमागे ठेवून, माझा एक पाय पुढे आणि गुडघे किंचित वाकलेले अशा स्थितीत तीन अंक मोजतो आणि शरीराचा भार मागच्या पायावर नेत तिला माझ्याकडे वळवतो. जोर पायांचा लागतो. पाठ वाकवून ओढले तर आपली कंबर जाते. डाव्या कुशीवर वळताना आई तिसऱ्या अंकाला आपला उजवा पाय गादीत रोवून स्वतःही जोर लावते, आणि ती तेवढी मदत मी कधीच तिच्याकडून काढून घेत नाही.

पूर्ण आडवे वळवले तर सगळा भार खुब्यावर येतो, म्हणून पाठीमागे उशी लावून तिला साधारण ३० अंशांतच टेकवायचे. एक उशी दोन गुडघ्यांच्या मध्ये, एक वरच्या हाताखाली, आणि पोटऱ्यांखाली अशी एक, की टाचा अधांतरी राहतील. खालचा कान दुमडलेला नाही ना, चादरीला सुरकुती नाही ना, हे मी शेवटी हाताने चाचपतो.

तिला वर सरकवण्याचे काम मी एकट्याने करणे बंद केले आहे. दोघांनी दोन्ही बाजूंनी चादर धरली तर कातडी घासत नाही. पलंगाचे डोके फार वर ठेवले की शरीर खाली घसरते आणि कातडी मात्र चादरीला चिकटून राहते. त्या ताणाने आतल्या रक्तवाहिन्या पिळवटतात. म्हणून जेवण आणि त्यानंतरचा अर्धा-पाऊण तास सोडला तर ते ३० अंशांच्या वर नेत नाही. मणक्याला किंवा खुब्याला दुखापत असलेल्या माणसाला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातल्या कोणत्याही रीतीने वळवू नये.

प्रत्येक वेळी कूस बदलली की मी दाबाच्या जागा पाहतो. लाल डागावर बोट दाबून उचलल्यावर तो क्षणभर फिका पडला नाही, तर ती व्रणाची सुरुवात समजावी. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे आजूबाजूच्या भागापेक्षा ती जागा गरम, टणक किंवा लिबलिबीत लागते का, ते हाताने तपासावे. अशा जागी चोळायचे नाही, तेलानेही नाही, आणि मध्ये भोक असलेली रबरी चकतीही ठेवायची नाही, कारण तिच्या कडेवर दाब वाढतो. त्या कुशीवर झोपवणे थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा नर्सला दाखवायचे.