वॉचडॉग जागाच होता

जानेवारी २०२२. घनसावंगीकडच्या एका मोसंबीवाल्या काकांचा फोन आला. "सायब, तुमचं यंत्र झोपू राह्यलं. लाइट येती, लाल दिवा लागतो, पण मोटार काही उठत नाही."

बाग ताणावर होती, आंबे बहाराचं पहिलं पाणी द्यायचं होतं, आणि त्या आठवड्यात थ्री फेज रात्रीची. काका मध्यरात्री विहिरीवर जाऊन आमचा ऑटो स्टार्टर बंद-चालू करत बसायचे. दहातून तीनदा चालतो म्हणाले. मी ते तेव्हा कानाआड केलं.

वाळूजला आमचं छोटं युनिट आहे. स्टार्टरचा कोड माझा, नऊ वर्षं जुना, आणि त्यातली एक ओळही बदललेली नव्हती. बदलला होता तो कंपायलर, म्हणजे माझा कोड चिपच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम. चिपच्या टंचाईत एटमेगा ३२८पी मिळेना, तेव्हा खरेदीवाल्यांनी 'सेम टू सेम' म्हणून ३२८पीबी आणली. (खरेदीवाल्यांच्या जगात सगळंच सेम टू सेम असतं.) जुन्या कंपायलरला ती ओळखू येईना, म्हणून नवा टाकला. टेस्ट जिगवर, म्हणजे तयार पीस तपासायच्या आमच्या मांडणीवर, चाळीसच्या चाळीस पीस पास झाले.

रात्री लॅपटॉप घेऊन विहिरीवर गेलो. आत काय चाललंय ते बघायला सिरियल केबल जोडली, डिबगचा (चूक शोधायचा) जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारं छोटं टोपण, लावला, आणि मोटार पहिल्या झटक्यात उठली. जंपर काढला तर पुन्हा झोप. लावला की चालू. काका बॅटरी धरून उभे होते. म्हणाले, "मग राहू द्या की ते तिथंच."

दुसरं काही सुचत नव्हतं. राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी कंपायलरने बनवलेलं असेंब्ली, म्हणजे चिपला दिलेल्या एकेका सूचनेची यादी, उघडलं. लाइट आल्यावर माझा कोड एका फ्लॅगची, म्हणजे मेमरीतल्या एका खुणेची, वाट बघतो. फेजचं व्होल्टेज शून्यातून वर जाताना चिपला हातचं काम थांबवायला लावणारा झीरो क्रॉसिंग इंटरप्ट दर २० मिलिसेकंदांनी येतो आणि तो फ्लॅग उभा करतो. वाट बघताना लूपमध्ये एक फंक्शन वॉचडॉगला, म्हणजे वेळेत थोपटलं नाही तर चिप रीसेट करणाऱ्या टायमरला, थोपटत राहतं. हे फंक्शन दुसऱ्या फाइलमध्ये. जुन्या कंपायलरला त्याच्या आत काय आहे ते दिसत नसे, म्हणून बिचारा प्रत्येक फेरीत फ्लॅग मेमरीतून नव्याने वाचायचा. नव्याच्या सेटिंगमध्ये लिंक टाइम ऑप्टिमायझेशन आधीपासूनच चालू होतं. त्याने सगळ्या फाइली एकत्र बघितल्या, फंक्शन उचलून लूपमध्येच बसवलं आणि हिशेब केला की इथे फ्लॅगला कोणी हात लावत नाही. मग तो एकदाच वाचायचा. वर एक एलडीएस (मेमरीतून वाच), खाली दोनच सूचना: डब्ल्यूडीआर (वॉचडॉगला थोपट), आणि तिच्यावर परत उडी मारणारी आरजंप. वॉचडॉगला वेळच्या वेळी भाकरी मिळत होती, म्हणून तो गप्प. नाहीतर दोन सेकंदांत चिप रीसेट झाली असती.

इंटरप्ट चालू केल्यापासून लूपपर्यंत यायला माझ्या कोडला सहाएक मिलिसेकंद लागतात. त्या सहांत झीरो क्रॉसिंग सापडलं तर फ्लॅग उभा, नाहीतर रात्रभर लाल दिवा. विसातले सहा. काकांचे दहातून तीन! आमच्या क्वालिटीवाल्यांपेक्षा या माणसाची नोंद चोख निघाली.

आणि जंपर? तो लावला की लूपच्या आधी ३० अक्षरांचा बॅनर सिरियलवर पाठवला जातो. ९६०० बॉडच्या वेगाला एका अक्षराला साधारण एक मिलिसेकंद, म्हणजे तेवढ्यात २० कधीच उलटून जातात. आमच्या टेस्ट जिगवर जंपर कायमचा लावलेला. चाळीस पीस पास न होऊन करतात काय.

फ्लॅगच्या आधी 'व्होलाटाइल' हा एक शब्द टाकला, म्हणजे कंपायलरला ताकीद की हा दरवेळी मेमरीतून नव्याने वाच, आणि प्रकरण मिटलं. तो शब्द मी नऊ वर्षांपूर्वीच लिहायला हवा होता. मालक मात्र सगळ्यांना सांगत सुटले की नव्या कंपायलरमध्ये बग निघाला. फॉल्ट रिपोर्टवर कारणाच्या रकान्यात मीही 'कंपायलर अपडेट' असंच लिहिलं. खोटं नाही ते. पण इंटरप्टमध्ये वापरलेले आणखी अकरा ग्लोबल व्हेरिएबल मी त्या आठवड्यात कोणाला न सांगता एकेक करून तपासले. दोन ठिकाणी तीच चूक होती.

काकांकडे नवी चिप घेऊन गेलो तर त्यांनी पॅनल उघडू दिलं नाही. "चालू हाये ना? मग हात नका लावू." त्यांच्या स्टार्टरमध्ये तो जंपर अजून आहे.