लिनक्स शिकायला कोणते पुस्तक घ्यावे?

सर्व्हर सांभाळणे हा माझा व्यवसाय आहे हे कळले की अभियांत्रिकीचे विद्यार्थी, त्यांचे पालक आणि नोकरी बदलू पाहणारे परिचित मला हमखास एक प्रश्न विचारतात: लिनक्स शिकायचे आहे, पुस्तक कोणते घेऊ? विचारणाऱ्याला एखादे नाव हवे असते, आणि घाईत असले तर मी ते सांगूनही टाकते. पण नाव घेऊन दुकानात गेलेल्या माणसाला ते पुस्तक तिथे मिळेलच असे नाही. दुकानदार त्याच विषयावरचे दुसरे, बहुधा अधिक जाड पुस्तक पुढे करतो आणि माझे उत्तर तिथेच निकामी होते. म्हणून तुम्ही विचारलेत तर नावे सांगेनच, पण त्याआधी पुस्तक हातात घेऊन पारखावे कसे ते सांगते.

लिनक्समध्ये निरनिराळ्या वेगाने बदलणारे दोन भाग एकत्र नांदत असतात. फाइल, डिरेक्टरी (फोल्डर), परवानग्या, प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) आणि एका कमांडचे आउटपुट दुसरीच्या हाती देणारा पाइप हा पहिला भाग. त्याची घडण युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमची आहे. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये युनिक्सला सुरुवात केली, १९७३ मध्ये त्यात पाइप आला, आणि १९९१ मध्ये हेलसिंकीत शिकत असलेल्या लिनस टॉरवाल्ड्स यांनी आपला कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, लिहायला घेतला तेव्हा त्यांच्यासमोर हाच नमुना होता. या भागात पन्नास वर्षांत भर पुष्कळ पडली, मोडतोड मात्र फारच थोडी झाली. दुसरा भाग म्हणजे सर्व्हिस (पडद्यामागे चालणारे प्रोग्रॅम) सुरू-बंद करण्याची पद्धत, पॅकेज बसवण्याची साधने, नेटवर्कची मांडणी, फायरवॉल आणि डेस्कटॉप. हा सतत बदलतो. सर्व्हिस सांभाळणारे सिस्टिमडी हे साधन २०११ मध्ये फेडोरा या डिस्ट्रिब्युशनमध्ये (लिनक्सच्या तयार संचात), २०१४ मध्ये रेड हॅट एंटरप्राइज लिनक्सच्या सातव्या आवृत्तीत आणि २०१५ मध्ये डेबियन व उबुंटूत आले, आणि सर्व्हिस सांभाळण्याविषयी तोवर लिहिली गेलेली प्रकरणेच्या प्रकरणे एकदम जुनी झाली. रेड हॅटच्या घराण्यात पॅकेज बसवणाऱ्या यमच्या जागी डीएनएफ आले, नेटवर्कसाठीच्या आयएफकॉन्फिगच्या जागी आयपी ही कमांड रूढ झाली, फायरवॉलमध्ये आयपीटेबल्सकडून एनएफटेबल्सकडे वाटचाल झाली. पहिल्या भागावरचे पुस्तक वीस वर्षांपूर्वीचे असले तरी उपयोगी पडते. दुसऱ्या भागावरचे जुने पुस्तक मात्र गेल्या वर्षीच्या पंचांगासारखे असते.

पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत फोर्टच्या पदपथावर जुनी पुस्तके चाळणाऱ्याने हा भेद विशेष लक्षात ठेवावा. पुस्तकाचे वय मलपृष्ठावरून कळत नाही, आणि छापील साल नव्या मुद्रणाचे असले तरी मजकूर जुनाच असू शकतो. म्हणून शेवटची शब्दसूची उघडावी. तिथे सिस्टिमडीच्या सिस्टिमसीटीएल या कमांडचा उल्लेखच नसेल, आणि त्याऐवजी इनिटटॅब ही फाइल व शून्य ते सहा असे रनलेव्हल (यंत्र चालण्याच्या अवस्था) यांवर पानेच्या पाने खर्ची पडली असतील, तर पुस्तक २०११ च्या आधीच्या जगातले आहे. (अल्पाइनसारखी काही डिस्ट्रिब्युशन आजही सिस्टिमडी वापरत नाहीत, पण शिकाऊ माणसासमोर ती सहसा पहिल्याच दिवशी येत नाहीत.) असे पुस्तक स्वस्तात मिळत असेल तर जरूर घ्यावे, फक्त त्यातला फाइल, शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) आणि प्रोसेसचा भाग तेवढा वाचावा. सेंटओएस ७ (रेड हॅटच्या सातव्या आवृत्तीची फुकट प्रतिकृती) गृहीत धरून लिहिलेल्या पुस्तकांचा धोका अधिक छुपा आहे, कारण ती वरकरणी आधुनिक वाटतात आणि अनेक क्लासच्या नोट्स अजून त्यांवरच बेतलेल्या असतात. त्या आवृत्तीचा आधार ३० जून २०२४ रोजी संपला आणि पॅकेजांच्या मिररची (प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरची) यादी देणारा तिचा जुना पत्ताही त्यानंतर बंद झाला. त्यामुळे पुस्तकात सांगितल्याप्रमाणे एक अक्षर न चुकता कमांड दिली तरी पॅकेज उतरत नाही, आणि शिकणाऱ्याला वाटते की आपलेच काहीतरी बिघडले आहे.

वय कळले, आता गुणवत्ता. ती तपासायला मी एकच प्रकरण उघडते, परवानग्यांचे. वाचणे, लिहिणे आणि चालवणे या तीन परवानग्या आणि त्यांचे चार, दोन, एक हे आकडे सगळीच पुस्तके सांगतात; तेवढे सांगणे काही कठीण नाही. पाहायचे ते हे की याच तीन परवानग्या डिरेक्टरीला लावल्यावर त्यांचा अर्थ कसा बदलतो, हे लेखकाने समजावले आहे का. डिरेक्टरीवर वाचण्याची परवानगी असली की आतली नावे दिसतात. पण आत शिरायला किंवा आतल्या फाइलपर्यंत पोहोचायला लागते ती 'चालवण्याची' परवानगी. ती नसेल तर नावांची यादी मिळते आणि तपशिलाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे उमटतात. उलट फक्त तीच असेल, तर आत काय काय आहे ते दिसत नाही, मात्र फाइलचे नाव ठाऊक असेल आणि त्या फाइलची स्वतःची परवानगी आड येत नसेल तर ती उघडता येते. याहून महत्त्वाचे म्हणजे फाइल पुसण्याची मुभा त्या फाइलच्या परवानगीवर ठरत नाही, ती ज्या डिरेक्टरीत आहे तिच्या परवानगीवर ठरते. म्हणूनच सर्वांना लिहिण्यासाठी खुल्या असलेल्या तात्पुरत्या फाइलींच्या डिरेक्टरीला स्टिकी बिट (पुसण्यावर बंधन घालणारी खूण) लावावे लागते, नाहीतर तिथे कोणीही कोणाचीही फाइल पुसू शकेल. हे एवढे ज्या पुस्तकात कारणासकट आणि स्क्रीनवर दिसणाऱ्या आउटपुटसकट आले आहे, त्याच्या लेखकाने बाकीची प्रकरणेही विचार करूनच लिहिली असतील, असे मी धरून चालते.

याच प्रकरणात नापास करण्याचीही एक खूण सापडते. परवानगी नाकारल्याचा संदेश आला की परवानग्या बदलणारी कमांड सीएचमॉड ७७७ द्या, असे पुस्तक सांगत असेल तर ते खाली ठेवावे. ७७७ म्हणजे यंत्रावरच्या प्रत्येकाला सर्व काही करण्याची सूट. त्याने तक्रार तेवढ्यापुरती थांबते, पण ती का आली हे कळत नाही, आणि दुसरीकडे नवे काहीतरी बंद पडते. स्वतःच्या होम डिरेक्टरीला ७७७ दिले तर एसएसएचचा (दूरच्या यंत्रात लॉगिन करण्याच्या साधनाचा) सर्व्हर त्याच्या नेहमीच्या सेटिंगनुसार त्या खात्याची अधिकृत किल्ल्यांची फाइल विश्वासार्ह मानत नाही आणि किल्लीने होणारे लॉगिन नाकारतो. खाजगी किल्लीची फाइल इतरांना वाचता येईल अशी ठेवली तर एसएसएच ती किल्ली वापरतच नाही. पुस्तकाचा सल्ला मानला म्हणून दूरच्या सर्व्हरचे दार बंद झालेली मंडळी मी पाहिली आहेत.

यानंतर पाहावे ते मॅन पानांविषयी, म्हणजे यंत्रावरच असलेल्या मदतीच्या पानांविषयी, पुस्तक काय म्हणते. युनिक्सची पहिली छापील पुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ ची, आणि तिची मांडणी आजही प्रत्येक लिनक्स यंत्रावर जवळपास तशीच सापडते: आधी नाव, मग कमांड देण्याची रीत, मग वर्णन. ही पाने शिकवण्यासाठी लिहिलेली नाहीत, आठवण करून देण्यासाठी लिहिलेली आहेत, आणि नवखा माणूस ती उघडून लगेच बंद करतो याचे मला मुळीच आश्चर्य वाटत नाही. चौकटी कंसातली गोष्ट ऐच्छिक असते, तीन टिंबांचा अर्थ ती गोष्ट पुन्हा पुन्हा देता येते असा असतो, हे कोणीतरी एकदा सांगावे लागते. पाने विभागांत वाटलेली आहेत हेही सांगावे लागते: पहिल्या विभागात रोजच्या कमांड, दुसऱ्यात सिस्टीम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलकडे करायच्या मागण्या), पाचव्यात फाइलींची रचना, आठव्यात प्रशासकाच्या कमांड. पासडब्ल्यूडी हे एकच नाव मॅन या कमांडला दिले तर पासवर्ड बदलण्याच्या कमांडचे पान उघडते. त्याआधी पाचाचा आकडा दिला तर त्याच नावाच्या फाइलीतला प्रत्येक रकाना समजावणारे वेगळे पान उघडते. कमांडचे नावच आठवत नसेल तर एप्रोपोस या कमांडने विषयावरून शोध घेता येतो. चांगले पुस्तक हे सुरुवातीच्या काही प्रकरणांतच शिकवते आणि नंतर वारंवार वाचकाला तिकडे धाडते. प्रत्येक कमांडचे सगळे पर्याय स्वतःच छापून पाने वाढवणारे पुस्तक तुमच्या यंत्रावर आधीच असलेला मजकूर, तोही जुना, तुम्हाला विकत असते.

इन्स्टॉलेशनच्या चित्रांनी पहिली शंभर पाने भरलेली पुस्तके मी सुचवत नाही. महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटीने असंख्य लोकांची संगणकाशी पहिली ओळख करून दिली, आणि 'इथे क्लिक करा, मग तिथे' अशा क्रमाने शिकण्याची सवय त्यातूनच अनेकांना लागली असावी. तीच रीत लिनक्सच्या पुस्तकात शोधणे स्वाभाविक आहे. पण डेस्कटॉपची चित्रे पुढच्या आवृत्तीत जुळत नाहीत, आणि चित्र न जुळल्यास काय करायचे हे चित्र सांगत नाही.

आता नावे. पहिले पुस्तक म्हणून मी बहुतेकांना विल्यम शॉट्स यांचे 'द लिनक्स कमांड लाइन' सांगते. ते छापील मिळते, आणि लेखकानेच त्याची पीडीएफ प्रत फुकट ठेवली आहे, म्हणजे झेरॉक्स किंवा चोरीच्या फाइलींच्या वाटेला जाण्याचे कारणच उरत नाही. पाचव्या प्रकरणात मदत कशी मिळवावी आणि नवव्यात परवानग्या, हा क्रमही मला पटतो. त्यानंतर, संगणक चालू झाल्यापासून लॉगिनपर्यंत आत काय घडते हे कळून घ्यायचे असेल तर ब्रायन वॉर्ड यांचे 'हाउ लिनक्स वर्क्स'. मात्र २०२१ ची तिसरी आवृत्तीच मागावी, कारण दुसरी २०१४ ची आहे आणि या पुस्तकाचा मोठा हिस्सा बदलत्या भागावर आहे. एव्ही नेमेथ आणि सहकाऱ्यांचा प्रशासनावरचा हजाराहून अधिक पानांचा ग्रंथ उत्तम आहे, पण तो नोकरी लागल्यावर कार्यालयाच्या पैशाने घ्यावा. सुमिताभ दास यांचे युनिक्सवरचे पुस्तक आणि नागपूरच्या यशवंत कानेटकर यांचे शेल प्रोग्रॅमिंगचे पुस्तक आपल्याकडच्या अनेक घरांत मोठ्या भावंडांच्या कपाटात सापडते. ती टाकून देऊ नयेत. शेल, पाइप आणि फिल्टर यांसाठी ती अजून चालतात, प्रशासनासाठी नाही. सी भाषेत सिस्टीम प्रोग्रॅमिंग करणाऱ्याने मायकेल केरिस्क यांचे २०१० चे दीड हजार पानी पुस्तक साल पाहून नाकारू नये. वापरकर्त्यांचे चालू प्रोग्रॅम कर्नलच्या बदलाने मोडता कामा नयेत हा टॉरवाल्ड्स यांचा कडक दंडक असल्यामुळे, त्यात वर्णन केलेले सिस्टीम कॉल आजही तसेच वागतात.

परीक्षेसाठी पुस्तक मागणाऱ्यांना मी वेगळे उत्तर देते. रेड हॅटची आरएचसीएसए ही परीक्षा पर्यायांवर खुणा करण्याची नाही; समोर यंत्र देतात आणि कामे करून दाखवायला सांगतात. सोबत पुस्तक किंवा इंटरनेट नसते, पण यंत्रावरची मॅन पाने आणि इतर कागदपत्रे वाचता येतात. तेव्हा तयारीचे पुस्तक तुम्ही देणार असलेल्या आवृत्तीचेच हवे, आठचे पुस्तक नऊला पुरत नाही, आणि कंपनीने जाहीर केलेल्या उद्दिष्टांची यादी शेजारी ठेवूनच ते वाचावे. यादीत नसलेली प्रकरणे परीक्षेपर्यंत बाजूला ठेवली तरी चालतील.

जुन्या लॅपटॉपवर मिंट किंवा उबुंटू टाकून ब्राउझर, ईमेल आणि मराठी टायपिंग एवढेच करणाऱ्यांना मी पुस्तक घेऊ नका असे सांगते. त्या डिस्ट्रिब्युशनची स्वतःची इन्स्टॉलेशन मार्गदर्शिका त्यांना पुरेशी असते.

मराठी माध्यमातून आलेले विद्यार्थी बहुधा शेवटी, थोडे संकोचून विचारतात की इंग्रजी पुस्तक झेपेल का. माझ्या मते झेपते. तांत्रिक पुस्तकातले इंग्रजी मर्यादित असते, तेच ते शब्द पुन्हा पुन्हा येतात, आणि चूक झाल्यावर यंत्र देणारा संदेशही बहुधा इंग्रजीतच असतो, त्यामुळे ते शब्द ओळखीचे झालेले बरे. टिपणे मात्र मराठीत काढावीत, कमांड तशीच ठेवून ती काय करते आणि का, हे आपल्या वाक्यात लिहावे. खात्री करायची असेल तर शॉट्स यांच्या फुकट प्रतीतले नववे प्रकरण यंत्र चालू ठेवून वाचून पाहा, आणि डिरेक्टरीवरून 'चालवण्याची' परवानगी काढल्यावर काय होते ते त्यातले उदाहरण न बघता सांगता येते का ते पाहा. सांगता आले तर छापील प्रत घ्यायला हरकत नाही; नाही आले तर एखाद्या सोबत्याबरोबर तेच प्रकरण पुन्हा वाचा, पण लगेच दुसरे पुस्तक विकत घेऊ नका.