आजा वर्गात आला तो दिवस

मी पाचवीत आपल्या शाळेत आलो तेव्हा मला बोलायचीच भीती वाटायची. त्याच्या आधी दुसऱ्या एका शाळेत होतो, तिथं पावरीत, म्हणजे आमच्या घरच्या बोलीत, बोललं की हातावर छडी बसायची, मग गप्प राहायची सवयच लागून गेली होती. इथं पहिल्याच आठवड्यात सरांनी जवळ बसवलं, सर जळगावकडचे, अहिराणीत बोलायचे, म्हणाले, "पोऱ्या, तुले जे येस ना, ते माले शिकाड." मला काय येत होतं, मोहाची फुलं वेचता यायची अन् शेळ्या वळता यायच्या, तर म्हणाले मग तेच सांग. फळ्यावर एका बाजूला मराठी शब्द, दुसऱ्या बाजूला पावरी, अन् पावरी शब्द लिहायला खडू आमच्या हातात.

होळीनंतर मोह गळायला लागला की निम्मा वर्ग घरी. सर रागवले नाहीत, म्हणाले येताना वजनाचा हिशोब आणा. ओला मोह पाच किलो, वाळल्यावर किलोभराच्या जरासा वर, टक्केवारी मला तिथंच कळली. तोच मोह व्यापारी उन्हाळ्यात स्वस्तात नेतो अन् पावसाळ्यात आपल्यालाच महाग विकतो हे पण त्याच वहीत मांडलं होतं.

सातवीत सरांनी माझ्या आजाला शिकवायला बोलावलं. आजा खुर्चीवर बसलाच नाही, आम्हाला घेऊन थेट डोंगरावर. औषधाला साल काढायची तर झाडाच्या एकाच अंगाची, गोल सोलली की झाड मेलं. कंद खणला तर त्याचा वरचा तुकडा परत मातीत पुरायचा. नाले, पाणवठे, वाघदेवाचा दगड, शेजारच्या गावाची शीव, आजा दाखवत गेला अन् आम्ही कार्डशीटवर नकाशा काढत गेलो, दोन दिवस लागले. परीक्षेत सरांनी त्या नकाशाला मार्क दिले. आजा शाळेची पायरी कधी चढला नव्हता, तरी वर्गातली पोरं त्याला "गुरुजी" म्हणाली, त्याचा चेहरा मला अजून दिसतो.

त्याच वर्षी सहल साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला गेली होती. चैत्राम पवार अन् गावकऱ्यांनी कुऱ्हाडबंदी करून उजाड डोंगर पुन्हा हिरवा केला ते तिथं पाह्यलं. पवारांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली त्या दिवशी मी आमच्या बॅचच्या ग्रुपवर सहलीचा फोटो टाकला.

पुढे 2006 चा वनहक्क कायदा आला अन् आमच्या ग्रामसभेनं गावच्या जंगलावर सामूहिक दावा करायचं ठरवलं. त्याच्या नियमांत म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो. तोवर आजा गेला होता, पण सरांनी नकाशा कपाटात जपून ठेवला होता, तो मी मागून आणला. पाड्यातली चार म्हातारी माणसं त्याच्याभोवती बसली, बोट ठेवून वाद घालत होती, हा नाला इकडून वळतो, हे नाव चुकलं, अन् मी पावरीत ऐकून मराठीत लिहून घेत होतो, रात्री दोन वाजेपर्यंत. नंतर जीपीएस मशीन घेऊन शीव चाललो तेव्हा वाघदेवाचा दगड आजानं दाखवला तिथंच होता.

आताच्या सरांना, मॅडमना एकच विनंती, मोहाच्या दिवसात पोरांची गैरहजेरी लावू नका, त्यांना वही देऊन पाठवा. तो नकाशा घडीवर फाटलाय, चिकटपट्टी लावलीय, शाळेच्या महोत्सवाच्या दिवशी घेऊन येतो, आपल्या जुन्या वर्गातच लावू.