दोन जीबीच्या कार्डासाठी तीन आठवडे

धुळ्याजवळच्या गोंदूरच्या धावपट्टीवर विमान चालवायला शिकत असताना एका ज्येष्ठ वैमानिकांनी त्यांचे जुने, हातात मावणारे विमानोपयोगी जीपीएस यंत्र मला स्वस्तात दिले. यंत्र सुरू झाले, त्याला उपग्रह सापडले, बॅटरीही बरी निघाली. त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. घोडे अडले ते नकाशे आणि डोंगरउंचीची माहिती साठवणाऱ्या मेमरी कार्डापाशी, आणि टपाल तिकिटाएवढ्या त्या प्लास्टिकच्या तुकड्याने माझे तीन आठवडे खाल्ले.

आग्रा रोडवरच्या एका दुकानात मी यंत्रच दाखवले. दुकानदार त्याकडे न पाहताच म्हणाला, "ताई, ६४ जीबीचंच घ्या, पुन्हा बघायला नको." मी घेतले. यंत्राच्या पडद्यावर 'कार्ड नाही' एवढेच उमटले. परत गेले तर "फॉरमॅट करून बघा" असे उत्तर मिळाले; तीन दिवस मी निरनिराळ्या पद्धतींनी फॉरमॅट करत बसले. मग ८ जीबीचे कार्ड आणले आणि संगणकावर त्याचा फक्त २ जीबीचा भाग पाडला. तेही यंत्राने ओळखले नाही, तेव्हा मात्र मी चिडून कारण शोधायला बसले.

साधी एसडी कार्डे २ जीबीपर्यंतची, त्यापुढे ३२ जीबीपर्यंतची एसडीएचसी आणि त्याहून मोठी एसडीएक्ससी, असे या मेमरी कार्डांचे नेहमीचे तीन प्रकार आहेत. एसडीएचसी हा प्रकार २००६ मध्ये आला आणि माझ्या यंत्राची रचना त्याच्या आधीची. साध्या कार्डाकडून माहिती मागताना यंत्र एकेका बाइटचा पत्ता सांगते, तर एसडीएचसी कार्ड ५१२ बाइटांचा एक ठोकळा धरून पत्ते मोजते. त्यामुळे मोठ्या कार्डाचा कितीही लहान भाग पाडला तरी पत्ता सांगण्याची रीत बदलत नाही, आणि जुन्या यंत्राला ती रीत ठाऊकच नसते. उलट दिशेने अडचण येत नाही, नवे यंत्र जुने कार्ड वाचू शकते. माहितीपुस्तिकेत शेवटून तिसऱ्या पानावर 'कमाल २ जीबी' अशी एक ओळ होती, आणि ती मी पहिल्याच दिवशी वाचली असती तर दुकानदाराला दोष देण्याची वेळ आली नसती.

आता २ जीबीचे कार्ड हवे होते, आणि ते धुळ्यात मिळेना, जळगावात मिळेना. प्रत्येक दुकानात "आता कोण वापरतं ते?" हा प्रश्न ऐकून घ्यावा लागला. शेवटी ऑनलाइन मागवलेले कार्ड नऊ दिवसांनी आले, यंत्राने ते ओळखलेही, आणि मी त्या आनंदात सगळी माहिती त्यावर भरली. धावपट्टीच्या कडेला उभी राहून पडदा सरकवत होते. तापी दिसली, शिरपूर दिसले, आणि त्याच्या उत्तरेला जिथे सातपुडा सुरू व्हायला हवा तिथे स्वच्छ पांढरा चौकोन होता. हे जमिनीवरच लक्षात आले म्हणून बरे. तसा मांडीवर कागदी नकाशा ठेवण्याची शिस्त आम्हांला असतेच. घरी येऊन त्याच फायली संगणकावर परत उतरवल्या तर साधारण १ जीबीनंतरच्या फायली उघडेनात. कार्ड बनावट होते, त्यावर छापलेली क्षमता त्यात नव्हतीच. कोणतेही नवे कार्ड आधी काठोकाठ भरावे, भरलेले परत वाचून पडताळावे आणि मगच यंत्रात घालावे. या कामासाठी एच२टेस्टडब्ल्यू नावाचा फुकट प्रोग्राम आहे, तो मला फार उशिरा कळला.

अखेर कार्ड मिळाले ते अमळनेरला, आईच्या ओळखीच्या एका लग्नाच्या फोटोग्राफर काकांकडे. त्यांच्या खणात अशी बरीच कार्डे होती, प्रत्येकावर चिकटपट्टी आणि तिच्यावर शाईने नवरा-नवरीची नावे. त्यांनी दोन कार्डांवरचे फोटो आधी संगणकात उतरवून घेतले, मग कार्डे माझ्या हातावर ठेवली आणि पैसे घेतले नाहीत. घरी ती मी फॅट १६ या फायली मांडण्याच्या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केली. संगणकाच्या यादीत ती नुसती 'फॅट' या नावाने दिसते. तरी पहिल्या कार्डावर काही लिहिता येईना आणि माझ्या पोटात गोळा आला. कडेची लॉकची बारीक कळ सैल होऊन कार्ड आत सरकवताना आपोआप खाली घसरत होती. तिच्यावर चिकटपट्टीचा एक तुकडा लावला आणि काम झाले.

दुकानदार 'क्लास १०' म्हणून जास्त पैसे मागतो, त्याचा अशा जुन्या यंत्राला उपयोग नाही. तो आकडा सेकंदाला किमान १० एमबी लिहिण्याच्या वेगाचा आहे, आणि यंत्र तर उड्डाणात मुख्यतः वाचत असते. मायक्रो कार्ड अडॅप्टरमध्ये घालून वापरणेही मी टाळते, कारण छोट्या विमानाच्या थरथरीत एक जोड जास्त म्हणजे सैल पडण्याची एक जागा जास्त.

विमानमार्गांची माहिती दर २८ दिवसांनी बदलते. त्या दिवशी मी दोन्ही कार्डे भरते, दोन्ही परत वाचून पाहते, एक यंत्रात घालते आणि दुसरे नकाशाच्या पिशवीत ठेवते. त्या दुसऱ्यावरची नवरा-नवरीच्या नावांची पट्टी मी अजून काढलेली नाही.