जॅगचा फॉर्म आणि मार्क्स कार्डावरचं नाव

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ज्या पोरापोरींना एलएलबी करून आर्मीच्या जॅग ब्रँचला (जज अ‍ॅडव्होकेट जनरल, म्हणजे आर्मीचं कायद्याचं खातं) जायचंय त्यांनी अभ्यास नंतर करा, आधी एसएसएलसीचं (दहावीचं) आणि एलएलबीचं मार्क्स कार्ड शेजारी ठेवून नाव बघा.

माझं एसएसएलसीला पूर्ण नाव, एलएलबीच्या कार्डावर नाव आणि पुढं दोन इनिशियल्स, आडनाव गायब. आर्मीला दहावीच्या सर्टिफिकेटवरचंच नाव लागतं. कॉलेजच्या ऑफिसात (कुठलं ते लिहीत नाही) गेले तर खिडकीतले सर म्हणाले, इकडं सगळ्यांचं असंच असतंय, काय होत नाही. मग अर्जी कन्नडमधून द्या. दिली. मग अफिडेविट आणा. आणलं. मग प्रिन्सिपॉल रजेवर. नंतर नुसतं, फाईल युनिव्हर्सिटीला गेली काय म्हणून विचारायचं, सरांनी जावक रजिस्टर उघडायचं, बोट वरनं खाली फिरवायचं, रजिस्टर मिटायचं आणि 'नाळे बर्री मॅडम', म्हणजे उद्या या. पप्पा मराठा लाईट इन्फंट्रीतनं सुभेदार म्हणून रिटायर, एकदा त्यांना घेऊन गेले, त्या दिवशी बसायला खुर्ची मिळाली, काम नाही. शेवटी आरटीआयचा अर्ज टाईप करून खिडकीत ठेवला आणि म्हटलं सर, याची पोच द्या. त्याच दुपारी जावक नंबर पडला! फाईल इतके दिवस त्यांच्याच टेबलाखालच्या गठ्ठ्यात होती. अजून आठवलं की डोकं फिरतंय.

बाकी सगळं सुरळीत. अटी म्हणजे एलएलबीला कमीत कमी ५५ टक्के, वय २१ ते २७, आणि आता क्लॅट पीजीचा स्कोअर लागतोच, एलएलएम करायचं नसलं तरी ती परीक्षा द्या.

एसएसबी (ऑफिसर निवडायच्या चाचण्या आणि इंटरव्ह्यू) बेंगळूरला झाली. इंटरव्ह्यूत विचारलं, कोर्ट मार्शलमध्ये (आर्मीच्या आतल्या खटल्यात) तुम्ही कुणाच्या बाजूनं? गावात पण सगळे हेच विचारतात, काका तर म्हणाले म्हणजे तू आमच्या पोरांना सोडवणार की! तसं नसतंय. जनरल कोर्ट मार्शलला कमीत कमी ५ ऑफिसर निकाल देतात, आणि आर्मी अ‍ॅक्ट १९५० च्या कलम १२९ प्रमाणं तिथं जज अ‍ॅडव्होकेट (सहसा जॅगचाच ऑफिसर) बसावाच लागतो. तो कायदा सांगतो, पुरावा कुठला चालतो ते सांगतो, पण मत देत नाही. आरोपीला डिफेंडिंग ऑफिसर किंवा बाहेरचा वकील वेगळा असतो. हे मी घडाघडा सांगितलं, पप्पांच्या कृपेनं.

रेकमेंड झाले, मेडिकल पण झालं, आता मेरिट लिस्ट. पूर्वी एका कोर्सला मुलांना ६ आणि मुलींना ३ जागा ठेवलेल्या, ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते वाटप रद्द करून एकच लिस्ट लावा म्हटलं, म्हणून जरा धीर आहे. निवड झाली तर चेन्नईला ओटीएत (ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमी) ४९ आठवडे ट्रेनिंग.

आणि हो, डिग्री सर्टिफिकेटवरचं नावसुद्धा त्याच अर्जीत लिहून घ्या, माझं ते अजून इनिशियलवालंच आलंय, परत त्याच खिडकीत जायचंय.