टीडी-३ वर भैरव: क्लोन आणि ओरिजिनल ३०३, आतापर्यंतचा हिशोब

बरेच जण विचारत होते की टीडी-३ (३०३ या जुन्या बेस सिंथची बेहरिंगर कंपनीने काढलेली स्वस्त नक्कल, म्हणजे क्लोन) घेतलास ते ठीक, पण खऱ्या ३०३ शी लावून बघितलंस का. तर हो, आता लावून बघितलंय, आणि जे हाती लागलं ते लगेच लिहून ठेवतोय, नाहीतर पुढच्या वेळी कुठला नॉब कुठे होता हेसुद्धा आठवत नाही.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. टीबी-३०३ हे रोलँड कंपनीचं चंदेरी डबडं, म्हणजे बेस वाजवणारा सिंथेसायझर, तादाओ किकुमोतो यांनी डिझाइन केलेलं (पुढे ९०९ ड्रम मशीन पण त्यांचंच), १९८१ च्या शेवटी बाजारात आलं आणि १९८४ पर्यंत बंदही झालं. जेमतेम दहाएक हजार पीस निघाले. कल्पना अशी होती की एकट्या गिटारवाल्याला घरी रियाझाला बेसची साथ मिळावी, शेजारी ६०६ हे ड्रम मशीन ताल धरेल. बेस गिटारसारखं ते काही केल्या वाजेना, त्यामुळे सेकंडहँडमध्ये मातीमोल भावात जायला लागलं आणि तिथेच शिकागोच्या पोरांच्या हाताला लागलं. १९८७ मध्ये फ्युचर नावाच्या ग्रुपची रेकॉर्ड आली आणि ॲसिड हाउस म्हणून जे काही डान्स संगीत आहे ते सुरू झालं. पण आपल्याला माहितीये की त्याच्या पाच वर्षं आधी, १९८२ मध्ये, मुंबईत चरणजित सिंग यांनी हेच ३०३, सोबत ८०८ ड्रम मशीन आणि ज्युपिटर-८ सिंथ घेऊन दहा राग डिस्को ठेक्यावर रेकॉर्ड करून ठेवले होते! हिंदी सिनेमाच्या सेशन्समध्ये वाजवणारा माणूस. रेकॉर्ड तेव्हा कुणी विचारली नाही, २०१० मध्ये परत निघाली तेव्हा युरोपातले लोक वेडे झाले. माझा सगळा उद्योग तिथूनच सुरू झालाय, म्हणून राग पण भैरवच घेतलाय.

आता मशीन. माझ्याकडे बेहरिंगरचं टीडी-३, २०१९ चं मॉडेल, पंधराएक हजारात पडलं. ओरिजिनल आज चालू स्थितीत, बॉक्सबिक्स नसला तरी, तीन-चार लाखाच्या खाली विसरा. वर ते बाहेरून आणायचं म्हणजे कस्टम्सची भानगड, आणि इथे उघडून रिपेअर कोण करणार हा प्रश्न वेगळाच. माझा मावसभाऊ बर्लिनला असतो, तो ज्या शेअर्ड स्टुडिओत जातो तिथे एक खरं ३०३ आहे. त्याला म्हणालो, "दादा, एक पॅटर्न पाठवतो, तेवढा वाजवून वेव्ह फाइल पाठव ना." दादाला वाटलं मिडीने (केबलवरून मशीनला सूर पाठवायची पद्धत) पाठवणार. ओरिजिनलला मिडी कुठला, डिन सिंक (नुसता टेम्पो जुळवणारी जोडणी) आहे फक्त. सगळं हाताने भरावं लागलं बिचाऱ्याला. त्यावर त्याचा मेसेज, "अरे हे मशीन कुणी बनवलंय, आधी सगळे सूर भरा मग सगळी लय भरा, याला काय अर्थ आहे!"

अर्थ आहे, आणि माझ्या मते ३०३ चा अर्धा आवाज त्यातच आहे. पिच मोडमध्ये तुम्ही नुसते सूर एकामागून एक भरता, त्यावर अप-डाउन (सप्तक वर-खाली), ॲक्सेंट (सुरावर जोर), स्लाइड (पुढच्या सुरावर घसरत जाणं) लावता. मग टाइम मोडमध्ये कुठे सूर, कुठे आधीचाच धरायचा, कुठे गप्प, हे वेगळं भरता. गप्प असलेली स्टेप सूर खात नाही, त्यामुळे टाइममध्ये एक जागा रिकामी सोडली की पुढचे सगळे सूर एक घर सरकतात आणि तुम्ही न बांधलेली काहीतरी वेगळीच ओळ बाहेर पडते, कधी कधी बांधलेलीपेक्षा बरी. टीडी-३ ने ही पद्धत तशीच ठेवलीये ते बरं केलं. कम्प्युटरवरून माउसने पण पॅटर्न भरता येतो पण त्यात ती मजा नाही.

पॅटर्न हा होता, सोळा स्टेप, रे आणि ध अर्थातच कोमल:

सा सा रे सा / ग म ध ध / प – म ग / म रे – सा

म वरून ध ला जाताना स्लाइड आणि शेवटी म वरून रे वर उतरताना स्लाइड. ॲक्सेंट पहिल्या ध वर आणि शेवटच्या रे वर, म्हणजे वादी-संवादीवरच. टेम्पो १२०, सॉ वेव्ह (करवतीच्या दातांसारखी लहर; दुसरा पर्याय स्क्वेअर, म्हणजे चौकोनी). सा म्हणजे सी.

दोन्ही फाइल्स आल्या. काही लोक म्हणतात एक उलटी करून दुसरीवर टाका, जे उरेल तो फरक. इथे ते चालत नाही. ऑसिलेटर आपल्या मर्जीने फिरत असतो, प्रत्येक सुराला फेज (लहर कुठून सुरू होते ते) वेगळा, त्यामुळे एकाच मशीनचे दोन टेक एकमेकांवर टाकले तरी ढीगभर काहीतरी उरतंच. मी लेव्हल सारखी केली, स्पेक्ट्रम शेजारी शेजारी लावला आणि मग डोळे मिटून ऐकलं, बायकोला स्पेसबार दाबायला बसवून.

पहिली गोष्ट, नॉबच्या जागा सारख्या ठेवून तुलना करण्यात काही पॉइंट नाही. कटऑफ (फिल्टर आवाजाचा वरचा चमकदार भाग कुठून कापतो ते ठरवणारा नॉब) दोन्हीकडे बारा वाजता ठेवला तर ओरिजिनल बराच काळोखात आणि माझं चमकतंय. ह्यात क्लोन-ओरिजिनल असं काही नाही, आत फिल्टरचे ट्रिमर (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचे छोटे नॉब) असतात ते कुणी कुठे सेट केलेत त्यावर सगळं आहे, आणि चाळीस वर्षांत किती टेक्निशियननी तिथे स्क्रूड्रायव्हर घातला असेल कोण जाणे. दोन ओरिजिनल शेजारी ठेवली तरी ती सारखी वाजत नाहीत हे ज्यांच्याकडे दोन आहेत ते (भाग्यवान लोक) नेहमीच सांगतात. मग मी कानाने कटऑफ जुळवला, आणि सॉ वर मला सांगता येईना कुठलं कुठलं. बायकोलाही येईना, पण तिला मुळात दोन्ही आवाज नकोसे आहेत त्यामुळे तिचं मत धरायचं की नाही माहीत नाही.

स्क्वेअरवर फरक कळला. ३०३ मध्ये स्क्वेअर वेगळा बनत नाही, सॉ लाच एका ट्रान्झिस्टरमधून वाकवून चौकोनी केलंय, त्यामुळे तो खरा चौकोन नाहीच, आणि वर-खाली सुरांना त्याचा आकारही बदलतो. बर्लिनच्या फाइलमध्ये खालचा सा जरा पोकळ, नाकातला येतोय, माझ्याकडे त्याच जागी भरीव आहे. मला पोकळ जास्त आवडला, खरं सांगायचं तर.

आणि ॲक्सेंट. हा भाग नीट सांगतो कारण ह्यावरच सगळे भांडतात. ॲक्सेंट म्हणजे नुसता आवाज मोठा नाही. ॲक्सेंट लावला की तीन गोष्टी एकदम होतात: आवाज वाढतो, एन्व्हलपचा (सूर वाजला की फिल्टर उघडून मिटवणारा संकेत) डिके, म्हणजे मिटायला लागणारा वेळ, आपोआप सगळ्यात छोटा होतो (डिकेचा नॉब मग कितीही फिरवा, काही उपयोग नाही), आणि एन्व्हलपचा एक भाग एका छोट्या कपॅसिटरमधून फिल्टरला जातो. तो कपॅसिटर पुढच्या सुरापर्यंत पूर्ण रिकामा होत नाही. म्हणून लागोपाठ ॲक्सेंट दिले की प्रत्येक पुढचा सूर आधीच्यापेक्षा वर चढतो, ती जी किंचाळत वर जाणारी चढण आहे ना ती हीच. शिवाय रेझोनन्सचा (कटऑफजवळचा आवाज टोकदार करणारा) नॉब खरं तर एका दांड्यावर बसवलेले दोन पॉट (फिरते रेझिस्टर) आहेत, दुसरा पॉट ह्या ॲक्सेंटच्या स्वीपवर काम करतो, म्हणजे रेझोनन्स वाढवला की ॲक्सेंटचा आकारही बदलतो. कुणी ठरवून केलं असेल की स्वस्तात जमवलं असेल, पण हे वाचल्यापासून मी त्या नॉबकडे आदराने बघतो.

तर टीडी-३ मध्ये ही चढण आहे का? आहे. फक्त चढण्याचा वेग वेगळा वाटला. चार ॲक्सेंट ओळीने दिलेला टेस्ट पॅटर्न घेतला (ग म ध ध, सगळ्यांवर ॲक्सेंट), तेव्हा बर्लिनवालं दुसऱ्या सुरालाच उडी मारतं आणि मग थोडं थोडं वर जातं, माझं चारही पायऱ्या जवळपास सारख्या चढतं. ड्रम्स चालू केले की हा फरक गायब. एकटं वाजताना कळतो, हेडफोनवर, रात्री. ह्या फरकासाठी तीन-चार लाख? मी देणार नाही.

मध्येच एक टेक्निकल नोंद, कारण ह्याने डोकं फिरवलं होतं. यूएसबीने लॅपटॉपला जोडलं आणि ऑडिओ इंटरफेसपण त्याच लॅपटॉपला, तर मागे बारीक किर्र आवाज, माउस हलवला की बदलणारा. ग्राउंड लूप (दोन वाटांनी ग्राउंड जोडलं गेल्याने येणारा आवाज) आहे तो, मशीनचा दोष नाही. यूएसबी काढून साधी पाच पिनांची मिडी केबल लावली की जातो, कारण मिडी इनमध्ये ऑप्टोकपलर (संकेत प्रकाशाने पलीकडे नेणारा भाग) असतो, तारेने थेट जोड राहत नाही. कुणी "क्लोन आहे म्हणून नॉइज येतो" म्हणालं तर आधी ही केबल बदलून बघायला सांगा.

आता भैरव. शेवटच्या रे वर ॲक्सेंट दिला होता, पण ॲक्सेंटने डिके छोटा झाला की रे टुक करून संपतो, आणि भैरवाचा रे असा टुक करून संपून कसं चालेल. तो डोलला पाहिजे. म्हणून ॲक्सेंट तिथून उचलून आधीच्या म वर टाकला, रे ला डिके पूर्ण लांब, टेम्पो ७० वर आणला आणि दुसरा पॅटर्न जोडून त्यात रे चार स्टेप धरून ठेवला. आता आंदोलन. ३०३ चा स्लाइड सुमारे ६० मिलिसेकंदांचा ठरलेला, सूर जवळ असो की लांब, वेळ तेवढाच. मींड म्हणून तो झटकन जातो, त्यावर आंदोलन शक्यच नाही. आधी कटऑफ हळू हलवून बघितला, छान वाटतं पण ते आंदोलन नव्हे, तो वाव-वाव झाला. मग ट्यूनिंगच्या नॉबवर बोट ठेवून रे धरलेला असताना अगदी केसभर वर, परत खाली, आणि ते जमलं! परत जागेवर येणं अवघड, म्हणून नॉबशेजारी कागदी टेपची बारीक पट्टी चिकटवून पेनाने खूण केलीये. अजून दर वेळी बरोबर परतत नाही, सा बेसूर लागला की तानपुरा लगेच चुगली करतो.

तानपुऱ्यावरून आठवलं. तानपुरा लावून ठेवला की ग टोचतो. मशीन फक्त बारा सारखे भाग जाणतं, त्याचा ग तानपुऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा १४ सेंट चढा आहे, आणि भैरवाचा रे तर आपल्याला त्याच्या रे पेक्षा उतरलेला हवा असतो. हे ओरिजिनलमध्ये पण अस्संच आहे. म्हणजे मला ज्या गोष्टी कमी पडतायत, आंदोलन, उतरता रे, शुद्ध ग, त्यातली एकही चार लाखांत मिळत नाही, आणि ज्या मिळतात त्या पंधरा हजारात पण आहेत. दादाला हे फोनवर सांगितलं तर तो म्हणे, "मग मला एवढं टाइप कशाला करायला लावलंस?"

क्लोन घेणं नैतिक आहे का, हा वाद पण दर वेळी निघतो. माझं मत सरळ आहे. ३०३ रोलँडने १९८४ नंतर ॲनालॉगमध्ये परत काढलंच नाही. १९९६ चं एमसी-३०३ नावापुरतं, आत सॅम्पल. २०१६ चं टीबी-०३ डिजिटल मॉडेलिंग (वाईट नाहीये हां, मी ऐकलंय). त्यामुळे टीडी-३ विकलं गेलं तर फटका बसतो तो जुनी पेटी घेऊन बसलेल्या संग्राहकाला, आणि त्याच्यासाठी मी रडणार नाही. मिनिमूग या मूग कंपनीच्या सिंथचं थोडं वेगळं. मूगने २०१६ मध्ये स्वतः मॉडेल डी परत काढलं साडेतीन हजार डॉलरला, आणि लगेच मागून बेहरिंगरचं तीनशे डॉलरचं. तिथे माझं मन जरा खातं, जरी त्यातल्या लॅडर फिल्टरचं पेटंट १९६९ चं असून केव्हाच संपलंय. आणि एखाद्या दोन-चार माणसांच्या कंपनीचं आज विकलं जाणारं सिंथचं मॉड्यूल उचलून स्वस्तात काढायचं, ते मला अजिबात पटत नाही, मग कायदा काहीही म्हणो. कायदा तसाही सर्किटपेक्षा दिसण्यावर जास्त भांडतो, २००५ मध्ये रोलँडने बेहरिंगरवर केस केली ती रोलँडच्याच बॉस ब्रँडच्या गिटार पेडलसारख्या दिसणाऱ्या पेडलवरून, पुढच्या वर्षी आपसात मिटली.

पुढचं काम: झपताल. पॅटर्नची लांबी दहा स्टेप करता येते, ८०८ चा ठेका सोळाचाच ठेवायचा, म्हणजे ठेक्याच्या पाच आणि झपतालाच्या आठ आवर्तनांनी, ऐंशी स्टेपनंतर दोघे समेवर भेटतील. दादा पुढच्या आठवड्यात स्क्वेअरवर ॲक्सेंटची फाइल परत पाठवतोय, ह्या वेळी लागोपाठ आठ ॲक्सेंट. कुणाकडे झॉक्सबॉक्स (३०३ चा घरी जोडायचा क्लोन) असेल, स्वतः सोल्डर केलेला, तर तोच ग म ध ध पॅटर्न सगळ्यांवर ॲक्सेंट टाकून रेकॉर्ड करा, रेझोनन्स तीन वाजता, डिस्टॉर्शन बंद. दुसऱ्या सुराला उडी येते का ते मला बघायचंय.