पंचवीस फूट

आमच्या ओपीडीबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये जमिनीवर दोन पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या आहेत. दोन्हींमधलं अंतर पंचवीस फूट. पेशंटने एका पट्टीपासून दुसरीपर्यंत झपझप, पण न पडता चालायचं. मी स्टॉपवॉच दाबायचं. मग तेच उलट, आणि दोन्ही वेळांची सरासरी केसपेपरवर. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या पेशंटचं चालणं जगभर असंच मोजतात. फक्त जगभर मध्येच स्ट्रेचर घेऊन मामा येत नसावेत आणि मावशी ओला पोछा मारत नसाव्यात.

मी फिजिओथेरपिस्ट, परळच्या एका हॉस्पिटलात. या आजाराला आम्ही नुसतं एमएस म्हणतो. वायरवरचं प्लास्टिक उंदराने कुरतडावं तसं शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं आवरण कुरतडते. कुठली नस, कधी, किती, याला काही धरबंध नसतो.

त्या दिवशी मे महिन्यातली दुपार होती. ती आली, सोबत नवरा. वय एकतीस, राहणार डोंबिवली (एखाददुसरा तपशील मी बदललाय). तीन वर्षांपूर्वी एका डोळ्याने धूसर दिसायला लागलं होतं, महिन्याभरात नजर परत आली. दोन वर्षांनी उजवा पाय जड झाला, तोही बराचसा सुधारला. जानेवारीत तिची वेळ होती ५.६ सेकंद. आज चालली ती पाय ओढत, फरशीवर खस्स खस्स आवाज करत. सरासरी आली ९.४.

वीस टक्के फरक पडला तरी आम्ही कान टवकारतो. हा तर अडुसष्ट टक्के होता. मी आकड्याखाली दोनदा रेघ मारली आणि फाईल घेऊन थेट डॉक्टरांच्या टेबलापाशी गेले. नवा अटॅक असणार, असं माझ्या तोंडूनच गेलं. एमआरआय आजच्या आज, आणि भरती करून शिरेतून स्टेरॉइड द्यायची तयारी, असं ठरलं.

बाहेर आले तर नवरा उभा. "मॅडम, एकच विचारायचं होतं. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट बघितलाय. लिफ्ट नाही, पण बजेटमध्ये बसतोय. रविवारपर्यंत टोकन द्यायचंय. घेऊ का?"

पुढे काय होणार, हे सगळेच विचारतात. पण रविवारची मुदत घालून पहिल्यांदाच कोणी विचारत होतं. त्याने मोबाइलवर वाचलंही होतं, पंधरा वर्षांत काठी लागते म्हणून. हा आकडा मला ओळखीचा आहे. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात लंडन नावाचं गाव आहे, तिथल्या हजारावर पेशंटांचा अभ्यास १९८९ मध्ये छापून आला. निम्म्या लोकांना साधारण पंधरा वर्षांत शंभर मीटर चालायला काठी लागली होती. पण ते पेशंट १९७२ ते १९८४ या काळात तपासलेले. आजार रोखणारं पहिलं इंटरफेरॉन अमेरिकेत मंजूर झालं १९९३ मध्ये. म्हणजे तो आकडा औषधंच नव्हती त्या काळचा. शिवाय निम्म्यांना लागली, म्हणजे निम्म्यांना तोवर लागली नव्हती, हे कोणी वाचतच नाही.

तिच्या फाईलमध्ये चांगल्या गोष्टी होत्या: बाईमाणूस, सुरुवात डोळ्यापासून, पहिला अटॅक पूर्ण भरून आलेला, दुसरा दोन वर्षांनी. वाईटही होती एक: मज्जारज्जूवर डाग. याची बेरीज-वजाबाकी करून हजार बायकांचं सरासरी भाकीत करता येतं. या एका बाईचं येत नाही. मी त्याला म्हटलं, "रिपोर्ट येऊ दे, मग बोलू." पण चेहरा माझा ९.४ वालाच असणार, कारण तो पुढे काही बोललाच नाही.

तासाभराने दारात आवाज आला. "मॅडम, माझी पाण्याची बाटली राहिली इथे."

ती आली होती, आणि खस्स आवाज नव्हता.

"पुन्हा चाल गं जरा."

६.०. परत उलट, ५.९. मी स्टॉपवॉचकडेच संशयाने बघितलं.

"कशी आलीस आज?"

"स्लो लोकलने. मुलुंडपर्यंत उभीच होते. पंख्याखाली जागा नाही मिळाली. मग पूल चढून चालत. टॅक्सीवाला येईना एवढ्याशासाठी."

आणि मधला तासभर ती एमआरआयच्या वेटिंगमध्ये बसली होती. तिथे एसी इतका असतो की नातेवाईक शाली घेऊन येतात.

जर्मन नेत्रतज्ज्ञ उथॉफ यांनी १८९० मध्येच लिहून ठेवलंय की, श्रम झाले की अशा पेशंटची नजर मंदावते. पुढे कळलं, त्यामागे अंगातली उष्णता असते. आवरण गेलेल्या नसेतून संदेश कसाबसा जात असतो, अंग अर्धा अंश तापलं तरी तो अडकतो. गार झालं की पुन्हा सुरू. नवी इजा काही होत नाही. एमआरआय नव्हता त्या काळी निदानासाठी पेशंटला गरम पाण्याच्या टबात बसवत म्हणे. आमच्याकडे टब नव्हता, मध्य रेल्वे होती.

हे मला पाठ होतं. परीक्षेत लिहिलंय, विद्यार्थ्यांना शिकवलंय. तरी तिला पंधरा मिनिटं पंख्याखाली बसवायचं सुचलं नाही, कारण बाहेर रांग होती. औषधांच्या चाचण्यांतही बिघाड तीन किंवा सहा महिने टिकला तरच मोजतात. मी तीन मिनिटांत मोजून मोकळी झाले होते.

डॉक्टरांकडे जाऊन चूक सांगितली. त्यांनी लघवी तपासायला लावली, कारण जंतुसंसर्गानेही असंच होतं. ती साफ निघाली. एमआरआयमध्ये नवा डाग नव्हता. भरती रद्द.

हायसं वाटलं, पण पुरतं नाही. पहिल्या खेपेला चालताना तिने चप्पल काढून भिंतीशी ठेवली होती, उजवी उलटी पडली होती. तेव्हा मी बघितलं ते आत्ता डोक्यात आलं. उजव्या चप्पलचा तळ पुढे अंगठ्याखाली घासून पातळ झाला होता. डावी धड होती.

"कधी घेतलीस ही?"

"दिवाळीत."

म्हणजे पाच-सहा महिने पाऊल थोडं थोडं घासत होतं. स्टॉपवॉचला न दिसणारं. मी ते केसपेपरवर लिहिलं, पावलाचे व्यायाम वाढवले, आणि दोघांना घेऊन आमच्या जिन्याकडे गेले. तीन मजले, साठ पायऱ्या. ती चढली. दुसऱ्या मजल्यानंतर पाऊल अडखळायला लागलं, कठडा धरला, पण चढली. वर पोचल्यावर नवऱ्याने मोबाइल काढला आणि पुन्हा खिशात टाकला.

"बाजाराची पिशवी हातात असेल तर?" तिनेच विचारलं. त्याला नाही, मला.

"पिशवी घेऊन बघायची का?" मी म्हटलं. दोघं हसले, पण खाली उतरताना तिने कठडा सोडला नाही.

त्या संध्याकाळी आमच्या रिसर्चच्या तक्त्यात वेळ भरायची होती. रकाना एकच. मी दुसऱ्या खेपेची सरासरी टाकली आणि शेऱ्यात लोकलचं लिहिलं. शेरा कोण वाचतं म्हणा.

नोव्हेंबरात ती पुन्हा आली, सकाळच्या पहिल्या नंबराला. फ्लॅट घेतला होता, दुसऱ्याच बिल्डिंगमध्ये, पहिल्या मजल्यावर, रस्त्याला लागून. रिक्षांच्या हॉर्नने झोप लागत नाही, अशी तक्रार करत होती. तिला आधी पंधरा मिनिटं बसवलं. वेळ आली ५.९.

चप्पल भिंतीशी ठेवली होती. मी वाकून उलटी करून बघितली. नवीकोरी होती.